राजा नाचायचा तेव्हा: बॅले फ्रान्सच्या दरबारात कसा घडला

माझी भाची ठाण्याला बॅलेच्या क्लासला जाते. वय वर्षं आठ. घरी आली की जेवणाच्या टेबलाची कड धरते, दोन्ही पाय बाहेरच्या बाजूला वळवते आणि गुडघे वाकवत म्हणते, "प्लिये." मग एक उडी आणि "सोते!" गेल्या महिन्यात तिनं विचारलं, "मावशी, आमच्या टीचर मराठी, आम्ही सगळ्या मराठी नाहीतर गुजराती, मग हे शब्द असले कसे?" तिची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अगं, रशियन आहेत ते." आजोबांनी पेपर खाली ठेवून विचारलं, "पण हा मुलींचाच नाच ना?"

शब्द रशियन नाहीत, फ्रेंच आहेत. आणि हा नाच मुळात मुलींचा तर नव्हेच. तो राजाचा आणि त्याच्या सरदारांचा होता. त्या दिवशी जेवताना सांगायला घेतलेली गोष्ट पुरी झाली नाही, म्हणून ती इथे नीट लिहितेय. या गोष्टीत लग्न आहे, कत्तल आहे, बंड आहे आणि चौदा वर्षांचा एक मुलगा आहे. बॅले बघताना 'हे लोक इतके ताठ का उभे राहतात' असं ज्याला वाटलं असेल, त्याला ही गोष्ट माहीत असावी असं मला मनापासून वाटतं.

तेव्हाचा बॅले म्हणजे नक्की काय?

शब्द इटलीतून आला. इटालियनमध्ये 'बाल्लो' म्हणजे नाच आणि 'बाल्लेत्तो' म्हणजे छोटा नाच. पंधराव्या शतकात तिथल्या संस्थानिकांकडे पगारी नृत्यशिक्षक असत, मेजवान्यांमध्ये नाच बसवले जात. १५३३ मध्ये फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यातली कॅथरिन ही चौदा वर्षांची मुलगी फ्रान्सच्या राजपुत्राला दिली गेली. तिनं रुखवतात बॅले नेला असं काही ठिकाणी लिहिलेलं असतं, पण ते खरं नाही. फ्रान्समध्ये मिरवणुका, मुखवट्यांचे खेळ आणि नाच आधीपासून होतेच. कॅथरिन पुढे विधवा झाली, मुलांच्या नावानं तिनं वर्षानुवर्षं राज्य सांभाळलं, आणि त्या काळात इटलीतून आलेल्या कलावंतांना आश्रय दिला. मूळ रोप इटलीचं, पण ते वाढलं फ्रान्सच्या मातीत.

जे वाढलं त्याला 'दरबारी बॅले' म्हणतात. आज आपण स्टेजवर बघतो तसा तो नव्हता. आपल्या तमाशात गण, गवळण, बतावणी, वग असे तुकडे ओळीनं येतात, तशी ती संध्याकाळभराची मालिका असायची. आधी कविता किंवा गाणं, मग वेगवेगळ्या पात्रांचे प्रवेश आणि शेवटी सगळ्यांनी मिळून करायचा मोठा नाच. यातल्या एकेका प्रवेशाला 'आंत्रे' म्हणत. चवड्यावरचे बूट नव्हते, तो छत्रीसारखा फुललेला झगाही नव्हता; ते दोन्ही एकोणिसाव्या शतकातले. नाचणारे बहुतेक सरदार आणि राजघराण्यातले लोक असत, आणि पावलं त्यांच्या नेहमीच्या समारंभांतलीच.

मुख्य म्हणजे रंगमंच नव्हता. लांबट दालन, तिन्ही बाजूंना चढत्या सज्ज्यांमध्ये बसलेले लोक, एका टोकाला राजाचं आसन आणि मधल्या मोकळ्या जमिनीवर नाच. म्हणजे बहुतेक प्रेक्षक वरून खाली बघत होते. शाळेच्या गच्चीवरून मैदानातलं लेझीम पाहिलंत कधी? एकेका मुलाचा चेहरा दिसत नाही; दिसतात ते गोल, रांगा, एकमेकांतून निघणाऱ्या फुल्या. दरबारी बॅलेचा जीव त्या आकृत्यांमध्ये होता.

१५ ऑक्टोबर १५८१ ची रात्र

पॅरिसमध्ये लुव्र राजवाड्याला लागून पेती-बूर्बों नावाचं भलंमोठं दालन होतं. नाव लक्षात ठेवा, आपल्याला इथे परत यायचं आहे. कॅथरिनचा मुलगा तिसरा हेन्री तेव्हा राजा होता. त्याचा लाडका सरदार ड्यूक द झ्वायोज याचं लग्न राणी लुईझच्या बहिणीशी झालं आणि त्या समारंभात राणीनं एक बॅले करवला. बसवणारा होता इटलीहून आलेला व्हायोलिनवादक बाल्दासारे. फ्रान्समध्ये त्याचं नाव झालं बाल्थाझार द बोज्वाये.

रात्री दहाच्या सुमारास खेळ सुरू झाला. दालनाच्या एका टोकाला चेटकीण सिर्सीची बाग, समोरच्या टोकाला राजा आणि त्याच्या शेजारी आई. मध्ये एका बाजूला वनदेव पॅनची गुहा आणि दुसऱ्या बाजूला वादकांसाठी सोनेरी घुमट. सिर्सीच्या तावडीतून सुटलेला एक माणूस धावत येतो आणि थेट राजासमोर मदतीची याचना करतो. इथे कल्पनेतलं पात्र खऱ्या राजाशी बोलतंय, हे ध्यानात घ्या. मग कारंज्याच्या रथावर बसून जलदेवता येतात, आणि त्यांत खुद्द राणी असते. नाच रंगात आला की सिर्सी बागेतून बाहेर पडते, छडी लावते आणि सगळे जागच्या जागी पुतळे होतात. ढगातून उतरलेला देवांचा दूत मर्क्युरी त्यांना सोडवतो, तर ती त्यालाही गोठवते. शेवटी विद्येची देवी मिनर्व्हा आणि देवांचा राजा ज्युपिटर मिळून तिला हरवतात आणि धरून राजासमोर आणतात. त्यानंतरच्या मोठ्या नाचात चाळीस भूमितीय आकृत्या होत्या. सगळं आटोपायला साडेतीन वाजले.

शेवटचा एक क्षण मला फार हळवा वाटतो. नाचलेल्या स्त्रियांनी पुरुषांना सोन्याची पदकं दिली. राणीनं राजाला दिलेल्या पदकावर डॉल्फिन होता. फ्रेंचमध्ये डॉल्फिनला जो शब्द, तोच गादीच्या वारसाला. दोघांना मूल नव्हतं, आणि भर दरबारात, एवढ्या लोकांसमोर, तिनं ते मागणं त्या पदकावर कोरून मांडलं होतं.

या खेळाचं नाव 'बॅले कोमिक द ला रेन'. 'कोमिक'चा अर्थ इथे विनोदी नव्हे. कथानक असलेला, नाटकासारखा. पुढच्याच वर्षी त्याची संहिता आणि संगीत छापून निघालं. कविता, संगीत, नाच आणि सजावट एकाच कथेत ओवण्याचा हा प्रयत्न इतक्या तपशिलात आपल्याला माहीत आहे तो या छापील पुस्तकामुळे.

पण भूमितीचा एवढा सोस कशासाठी?

बोज्वायेनं बॅलेची व्याख्याच अशी केली की अनेक वाद्यांच्या मेळावर अनेक माणसांनी एकत्र नाचून साधलेली भूमितीय गुंफण म्हणजे बॅले. आज हे कोरडं वाटतं. तो काळ आठवला की वाटत नाही.

फ्रान्समध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांच्या जिवावर उठले होते. ऑगस्ट १५७२ मध्ये एका शाही लग्नासाठी पॅरिसला जमलेल्या प्रोटेस्टंटांची कत्तल सुरू झाली आणि तिचं लोण इतर शहरांत पसरलं. हजारो माणसं मारली गेली. त्याच्या पुढच्याच वर्षी, कॅथरिनच्या मुलाला पोलंडची गादी देऊ करायला आलेल्या वकिलांसमोर, सोळा स्त्रियांनी फ्रान्सचे सोळा प्रांत बनून एक बॅले केला. फुटलेलं राज्य निदान जमिनीवरच्या आकृतीत तरी एकत्र दिसावं, हा हेतू उघड होता.

यामागे विचारही होता. १५७० मध्ये कवी बाईफ यानं राजाच्या परवानगीनं काव्य-संगीताची एक अकादमी काढली होती. तिथल्या विद्वानांची श्रद्धा अशी, की विश्व प्रमाणावर चालतं, संगीतही प्रमाणावर चालतं; तेव्हा शब्द, सूर आणि पावलं एका मापात बसवली तर ऐकणाऱ्या-बघणाऱ्याचं मनही ताळ्यावर येईल. आरती एका ठेक्यात सुरू झाली की घरातली भांडणं घटकाभर थांबतात, तसंच काहीसं, पण अख्ख्या देशाच्या पातळीवर.

मग उपयोग झाला का?

नाही. ज्याच्या लग्नात हा बॅले झाला तो ड्यूक १५८७ मध्ये प्रोटेस्टंटांशी लढताना मारला गेला. तिसऱ्या हेन्रीला १५८९ मध्ये एका कॅथलिक भिक्षूनं भोसकलं. राणीला मूल झालं नाहीच, आणि ते राजघराणं तिथेच संपलं. नाचानं देश वाचतो असा दावा कुणीच करू नये. पण दरबाराच्या हातात एक नवं साधन आलं होतं, आणि पुढच्या राजांनी ते सोडलं नाही.

राजानं नाचणं कमीपणाचं नव्हतं?

आपल्याला हे खटकतं. आपल्या डोळ्यांसमोर चित्र असतं ते बसून बघणाऱ्या राजाचं, नाचणारे वेगळे. फ्रान्समध्ये मात्र सरदाराच्या मुलाला तीन गोष्टी यायलाच लागत: घोडा, तलवार आणि नाच. तिन्हींत पाठीचा कणा ताठ, तोल पक्का आणि पाय चपळ लागतात. नाच येत नाही म्हणजे संस्कारच अपुरे, असा अर्थ व्हायचा.

आणि कोण कुठे उभा राहतो यात राजकारण असतं, हे मराठी माणसाला सांगायला नको. १६६६ मध्ये आग्र्याच्या दरबारात शिवाजी महाराजांना मागच्या रांगेत उभं केलं, तो अपमान त्यांनी तिथल्या तिथे बोलून दाखवला. दरबारात जागा हाच शब्द असतो. बॅलेमध्ये ती जागा हलती झाली: राजाच्या जवळ कोण नाचलं, कुणाला देवाचं पात्र मिळालं, कुणाला भिकाऱ्याचं, हे सगळे वाचत असत.

१६१७ च्या सुरुवातीला पंधरा वर्षांच्या तेराव्या लुईनं असाच एक बॅले केला. त्यात एक वीर चेटकिणीच्या मोहातून सुटतो, आणि राजा स्वतः अग्नीचा राक्षस बनला होता. राज्याची सूत्रं तेव्हा त्याच्या आईच्या आणि तिच्या मर्जीतल्या कोंचीनीच्या हाती होती. त्याच एप्रिलमध्ये राजाच्या संमतीनं कोंचीनीला ठार करण्यात आलं.

चौदा वर्षांचा सूर्य

आता पुन्हा पेती-बूर्बोंच्या दालनात. तारीख २३ फेब्रुवारी १६५३.

चौदावा लुई पाचव्या वर्षी गादीवर बसला. त्याच्या दहाव्या वर्षी 'फ्रोंद' नावाचं बंड पेटलं. आधी न्यायाधीश, मग मोठमोठे सरदार, आणि पॅरिसची जनता. फेब्रुवारी १६५१ मध्ये एका रात्री, राजाला शहराबाहेर पळवतात की काय या संशयानं लोक राजवाड्यात घुसले. राजमातेनं त्यांना थेट त्याच्या शयनगृहात नेलं. बारा वर्षांचा मुलगा अंगावर पांघरूण घेऊन, डोळे मिटून झोपेचं सोंग करत पडून राहिला आणि अनोळखी माणसं त्याच्या पलंगाजवळून एकेक करून जात राहिली. ती रात्र तो कधी विसरला असेल असं मला वाटत नाही.

बंड विझलं. राजा ऑक्टोबर १६५२ मध्ये पॅरिसला परतला. लोकांनी ज्याचा सर्वांत जास्त द्वेष केला तो मंत्री कार्डिनल माझारँ फेब्रुवारी १६५३ च्या सुरुवातीला आला, आणि तीन आठवड्यांत हा बॅले उभा राहिला. विषय: रात्र.

'बॅले द ला न्वी', म्हणजे रात्रीचा बॅले. त्याचे चार प्रहर होते. संध्याकाळी सहापासून पहाटेपर्यंत. पहिल्या प्रहरात दुकानं बंद होतात, शिकारी घरी परततात, दिवसभर लंगडे-पांगळे म्हणून भीक मागणारे आपल्या वस्तीत येऊन धडधाकट चालू लागतात. मग राजवाड्यातली करमणूक, मग चंद्र, चेटूक, राक्षस, मग एका घराला लागलेली आग आणि ते लुटायला आलेले चोर. त्रेचाळीस आंत्रे झाले. शेवटी उषा आली. राजाचा धाकटा भाऊ फिलिप पहाटेचा तारा झाला होता. आणि अंधार सरताना, नखशिखान्त सोनेरी किरणांनी मढलेला, डोक्यावर पिसांचा तुरा, बुटांच्या बांधणीवरसुद्धा किरणं असा चौदा वर्षांचा लुई पुढे आला: उगवता सूर्य. या पोशाखाचं रंगीत चित्र आजही पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

झोपेचं सोंग करणाऱ्या मुलानं दोन वर्षांत रात्र संपवून दाखवली होती. त्याला 'सूर्यराजा' म्हणतात ते पुढच्या काळात. पण सूर्य तो इथे पहिल्यांदा झाला.

नाचून बंड मोडतं का?

मोडत नाही. फ्रोंद मोडलं ते सैन्यानं, पैशानं आणि लोक थकल्यामुळे. बॅलेनं काम केलं ते त्यानंतरचं: झालेला निकाल सगळ्यांच्या डोळ्यांत आणि अंगात उतरवण्याचं. अंगात म्हणतेय ते मुद्दाम. भाषण ऐकून माणूस मनात विरोध ठेवू शकतो. पण ज्याला आठवडेच्या आठवडे तालीम करून, राजाच्या भोवती, ठरलेल्या तालावर पावलं टाकावी लागतात, त्याच्या शरीराला शिस्त लागतेच.

लुईनं हे ओळखलं. मार्च १६६१ मध्ये माझारँ वारला, राजानं कारभार स्वतःकडे घेतला, आणि त्याच महिन्याच्या सनदेनं 'अकादेमी रोयाल द दांस' म्हणजे राजाची नृत्य अकादमी स्थापन झाली. सदस्य तेरा नृत्यशिक्षक. सनदेत म्हटलं आहे की नाच शरीर घडवतो आणि शस्त्रविद्येसकट सगळ्या व्यायामांची तयारी करून घेतो, पण युद्धकाळातल्या गोंधळात तो बिघडला आहे. वाद्य वाजवणाऱ्यांची जुनी संघटना यावर चिडली. नृत्यशिक्षक आजवर त्यांच्यातलेच असत, खिशात मावणारं छोटं व्हायोलिन घेऊन शिकवायला जात. संघटनेचं म्हणणं, वाद्याशिवाय नाच कसला? अकादमीचं म्हणणं, नाच स्वतःच्या पायावर उभा आहे. नाचाची कला वाजवणाऱ्यांच्या संघटनेतून अशी वेगळी निघाली.

ही शिस्त किती कडक होती? १६९२ मध्ये व्हर्सायला एका राजघराण्यातल्या लग्नात मोंब्रों नावाच्या तरुणाला नाचायला बोलावलं. येतो का नाच, विचारल्यावर तो मोठ्या ऐटीत हो म्हणाला होता. पहिल्या नमस्कारातच तो गडबडला, ताल सुटला. चूक झाकायला हात उंच करून आविर्भाव करू लागला, तशी हसण्याची लाट उठली. दुसऱ्यांदा संधी मिळाली तेव्हा लोक उठून, बाकांवर चढून बघायला लागले, आणि राजासकट सगळे खदाखदा हसले. तो नाहीसा झाला, तो बरेच दिवस दरबारात दिसला नाही. सँ-सिमों या सरदारानं हे आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे.

पाय बाहेरच का वळवायचे?

आता भाचीच्या टेबलाजवळ येऊ. लुईला वीसहून जास्त वर्षं नाच शिकवणारा पियेर बोशां यानं पायांच्या पाच मूळ स्थिती पक्क्या केल्या असं मानतात. टाचा जुळलेल्या ही पहिली. त्यांत पाऊलभर अंतर ही दुसरी. एक टाच दुसऱ्या पावलाच्या मध्याशी ही तिसरी. तीच पुढे अंतरावर नेली की चौथी. आणि पूर्ण ओलांडून जुळवली की पाचवी. सगळ्यांत पाय बाहेर वळलेले.

याची कारणं तीन. तलवारीच्या पवित्र्यातही पाऊल तसंच वळलेलं असतं. पिंडरीचा आतला भाग पुढे येतो आणि रेशमी मोज्यातला पाय सुरेख दिसतो. सरदारांना त्याचं अप्रूप होतं. आणि तिसरं, सगळ्यांत महत्त्वाचं: पाय वळलेले असले की छाती आणि चेहरा समोर ठेवून आडवं सरकता येतं. राजाकडे पाठ करायची नाही, हा दरबाराचा रिवाज आठवा. पुढे खेळ चौकटीच्या रंगमंचावर गेला, प्रेक्षक एकाच बाजूला आले, तेव्हा तीच सवय प्रेक्षकांसाठी कामाला आली. मात्र तेव्हाचं वळण बेताचं होतं. पावलं एका सरळ रेषेत येण्याइतकं टोकाचं वळण पुष्कळ नंतरचं.

लुव्रमध्ये रिगो या चित्रकारानं १७०१ मध्ये काढलेलं लुईचं चित्र आहे. राजा साठी ओलांडलेला, चेहरा सैलावलेला, अंगावर जडशीळ झगा. पण झगा एका बाजूनं उचललेला आहे आणि खाली पांढऱ्या मोज्यातले, लाल टाचांच्या बुटातले दोन पाय: एक पुढे, वळलेला, नर्तकाचा.

त्याच सुमारास, १७०० मध्ये, फय्ये या नृत्यशिक्षकानं नाच कागदावर लिहायची पद्धत छापली; बोशां म्हणायचा, ही माझी. पानावर जमिनीचा नकाशा, त्यावर नर्तकाच्या वाटेची रेघ, आणि रेघेवर पावलांच्या खुणा: वाकणं, उचलणं, उडी, घसरणं, वळणं. भाचीचे 'प्लिये' आणि 'सोते' या खुणांमधलेच. पॅरिसचा नाच आता टपालानं युरोपभर जाऊ शकत होता, आणि त्याच्याबरोबर हे शब्दही.

यात बायका कुठे होत्या?

राजवाड्यात होत्या, १५८१ मध्ये राणीच नाचली. पण बरीचशी स्त्रीपात्रं पुरुषच मुखवटे लावून करत, जशी आपल्या संगीत नाटकात पुरुषांनी केली. सार्वजनिक थिएटरात तर फक्त पुरुष. १६८१ मध्ये 'प्रेमाचा विजय' हा बॅले आधी दरबारात राजघराण्यातल्या स्त्रियांसह झाला, आणि काही महिन्यांनी पॅरिसच्या ऑपेरात आला तेव्हा मादमोआझेल द लाफोंतेन आणि तिच्या सहकारी पगारी नर्तकी म्हणून तिथे उतरल्या. पुढे स्त्रियांनी हा नाच इतका आपलासा केला की आजोबांना पडलेला प्रश्न पडू लागला.

राजा थांबल्यावर

१६७० च्या आसपास लुईनं स्वतः नाचणं सोडलं. १६७२ मध्ये संगीतकार ल्युलीला ऑपेराची सनद मिळाली, तिथले नाच बोशां बसवू लागला, आणि हौशी सरदारांची जागा पोटापाण्यासाठी नाचणाऱ्यांनी घेतली. १७१३ मध्ये ऑपेराची नृत्यशाळा राजाज्ञेनं सुरू झाली. ती अजून चालू आहे. रशियातली पहिली शाळा १७३८ मध्ये सेंट पीटर्सबर्गला काढली ती लांदे या फ्रेंच शिक्षकानं, आणि तिथल्या बॅलेला एकोणिसाव्या शतकात आकार दिला तो मार्सेयमध्ये जन्मलेल्या पेतिपानं. म्हणून रशियात शब्द फ्रेंचच राहिले, आणि तिथून जगभर गेले तेही तसेच.

१८९० मध्ये पेतिपानं 'झोपलेली राजकन्या' रंगमंचावर आणली. शंभर वर्षांची झोप संपते, लग्न होतं, आणि संहितेप्रमाणे अगदी शेवटच्या दृश्यात सूर्यदेव अपोलो प्रकट होतो: चौदाव्या लुईच्या पोशाखात.

भाचीच्या क्लासच्या यंदाच्या कार्यक्रमात याच बॅलेतला एक तुकडा आहे. ती परी आहे. क्लासमध्ये दोन मुलगे आहेत, असं तिनं आजोबांना सांगितलं.